जागीच

१२ जानेवारी

वकीलबाई म्हणाल्या, रोज निदान चार ओळी लिहीत चला. कायद्याच्या समितीसमोर बोलायचं तर आठवणी ताज्या हव्यात. मी म्हटलं, ताज्याच आहेत, शिळ्या व्हायचं नाव घेत नाहीत. त्या हसल्या नाहीत. त्यांना माझ्या विनोदांची सवय व्हायला वेळ लागेल.

तर सुरुवात. माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. अडीच वर्षांपूर्वी एका संध्याकाळी पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर सायकल हातात धरून घरी येत होता. वरून गाडी आली. पोलिसांच्या कागदात असं आहे: ‘सदर इसमाने मद्यप्राशन करून भरधाव वाहन चालवले व पादचाऱ्यास धडक दिली, पादचारी जागीच मयत.’ तेव्हापासून आमच्या घरात त्या माणसाला ‘सदर’ म्हणतात. मीच पहिल्यांदा म्हटलं, रागाने. भिंगरी, आमची मुलगी, तेव्हा सहा वर्षांची होती, तिला ते नावच वाटलं. आता नऊची आहे, तरी सुधारलेलं नाही.

सदरला सहा वर्षांची शिक्षा झाली. नीट वागला तर तिसऱ्या वर्षीच पॅरोलवर बाहेर. म्हणजे याच वर्षी. वकीलबाईंना कायदा बदलून हवाय: दारू पिऊन गाडीखाली माणूस मारला तर किमान दहा वर्षं, आणि पॅरोलआधी घरच्यांचं समोरासमोर ऐकून घेतलंच पाहिजे. त्यांच्याकडे आकडे आहेत. माझ्याकडे गोष्ट आहे. लोकांना आकडे पचत नाहीत, गोष्ट पचते, असं त्या म्हणतात.

चार ओळींपेक्षा जास्त झालं.

१५ जानेवारी

जेवताना परत तो आवाज. टेबलाखाली, जमिनीवर पायाचा. आधी हलकेच, मग एकदम घट्ट दाबल्यासारखा.

नाना, म्हणजे माझे सासरे, तीस-पस्तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवत होते. शिकणाऱ्याच्या शेजारी बसून, स्वतःच्या पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून आयुष्य काढलं. स्कूल बंद करून बरीच वर्षं झाली, तरी बसमध्ये बसले की पाय दाबतात, त्याला आम्ही हसायचो. मुलगा गेल्यापासून ते खुर्चीत, पलंगावर, ताटावर बसूनही दाबतात. भिंगरी आता मान वर करत नाही. मी करते.

५ फेब्रुवारी

नानांच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीला आतून जांभळी शाई. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी ते डोळ्यांच्या मोफत तपासणीला जातात, दोन बस बदलून, आणि दर वेळी हा डाग घेऊन येतात. म्हणतात, तिथे गर्दी फार असते, मनगटावर शिक्का मारतात, म्हणजे नंबर चुकत नाही.

मी हॉस्पिटलच्या धुलाई विभागात मुकादम आहे. रक्त, आयोडीन, औषधं, सगळे डाग मला ओळखीचे. शिक्क्याची शाई स्पिरिटने निघते, पण आधी गरम पाणी लावायचं नाही, नाहीतर कायमची बसते. स्पिरिट लावलं, निघाली.

दृष्टीत मात्र काही फरक नाही. आज मिठाच्या डब्यातून साखर घालायला निघाले होते, नव्हे, उलट. काहीतरी उलट होतं खरं.

९ फेब्रुवारी

आज एका कॉलेजच्या सभागृहात बोलले. हे कितवं तरी भाषण. पहिल्यांदा बोलले होते तेव्हा मधेच आवाज गेला होता आणि कुणीतरी पाणी आणून दिलं होतं. आता आवाज जात नाही. कुठे थांबायचं ते कळतं. ‘सदर इसम पळूनसुद्धा जाऊ शकला नाही, इतका प्यालेला होता. लोक आले तेव्हा तो रस्त्यावर बसलेला होता’, इथे सभागृहात चुळबूळ होते. मग मी थांबते. मग म्हणते, ‘आणि माझा नवरा जागीच गेला. निरोप नाही, शब्द नाही. एकटा गेला.’

‘एकटा’ला हमखास कुणीतरी डोळे पुसतं.

परत येताना मनात आलं, चादर रोज उकळत्या पाण्यातून काढली की ती स्वच्छ होते, पण विरतेही. सहा महिन्यांत आरपार दिसायला लागतं. मी त्याला किती वेळा धुतलं असेल?

वकीलबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ताई, आता थकायचं नाही, समिती पुढच्याच महिन्यात आहे.

२१ फेब्रुवारी

जेवताना नानांनी विचारलं, “त्याला शेवटी तहान लागली असेल का गं?”

घास हातातच राहिला. भिंगरी समोर होती.

“नाना, तो जागीच गेला. पोलिसांनी लिहिलंय.”

“हो, हो. लिहिलंय.”

“मग?”

“काही नाही. सहज आलं मनात.” आणि पाणी प्यायले. रिकामा पेला बराच वेळ हातात धरून बसले.

३ मार्च

समिती झाली.

लांबलचक टेबल, पलीकडे अकरा-बारा जण, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. गोष्ट नीट सांगितली. दोघांनी चष्मे काढले. एका वयस्क सभासदाने मात्र काढला नाही. तो शांतपणे म्हणाला, “ताई, तुमच्या दुःखाबद्दल शंका नाही. पण दहा वर्षं ठेवली म्हणून पुढचा माणूस बाटली खाली ठेवेल, असं मला वाटत नाही. पिणारा प्यायच्या आधी कायदा वाचत नाही.”

वकीलबाईंनी आकडे काढले. त्यानेही त्याचे आकडे काढले. दोघांचेही खरे असावेत.

मग त्याने माझ्याकडे वळून विचारलं, “तुम्हाला स्वतःला किती वर्षं पुरेशी वाटतात?”

याची तयारी कुणी करून घेतली नव्हती. माझ्या तोंडून निघालं, “भिंगरी मोठी होईपर्यंत.”

“म्हणजे किती?”

“ते मला माहीत नाही. तिलाही अजून माहीत नाही.”

बाहेर आल्यावर वकीलबाईंनी खांदा दाबला, म्हणाल्या, फार छान उत्तर दिलंत. मी उत्तर म्हणून दिलंच नव्हतं.

६ मार्च

काल पहिला गुरुवार, म्हणून नाना तपासणीला जाऊन आले. परत डाग. आज सकाळी चहा पिता पिता विचारतात, “त्याच्या दोन्ही पायांत बूट होते का गं? घरी दिले तेव्हा?”

मी खरंच घाबरले. होता एकच. दुसरा सापडलाच नव्हता. पण हे मी नानांना कधी सांगितलं नव्हतं, त्याच्या कपड्यांची पिशवी मीच घेतली होती, मीच फेकली होती.

दुपारी हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. म्हटलं, सासरे तेच तेच विचारतात, जुन्या गोष्टीतलं काहीबाही नवीन काढतात. त्या म्हणाल्या, वयाने होतं असं, मन रिकाम्या जागा भरून काढतं. वार, महिना, सोपी वजाबाकी विचारून बघा.

संध्याकाळी विचारलं, “नाना, आज वार कोणता?”

“शुक्रवार. आणि तू सूनबाई आहेस, डॉक्टर नाहीस.”

“शंभरातून सात गेले?”

“त्र्याण्णव. आणखी सात काढू? तू फी किती घेतेस ते सांग आधी.”

भिंगरी हसून हसून खाली पडली. मीही हसले. पण बुटाचं त्यांना कुठून कळलं? बहुतेक तेव्हा मी रडत काहीतरी बोलले असेन आणि विसरले असेन. म्हणजे तपासायचं तर मलाच.

२८ मार्च

कायदा मंजूर झाला!

वकीलबाईंचा फोन आला तेव्हा मी इस्त्रीच्या मोठ्या यंत्रापाशी होते, काही ऐकू येईना, वाफेत उभी राहून ओरडत होते, “काय? काय?” मग सगळ्या बायकांनी यंत्रं बंद केली. धुलाई विभाग दिवसा कधी शांत ऐकलाच नव्हता मी.

शिक्षेची दहा वर्षं फक्त नव्या गुन्ह्यांना लागू. पण पॅरोलचा नियम आत असलेल्यांनाही. म्हणजे सदरचा अर्ज आला की पॅरोल मंडळाला मला बोलवावंच लागणार, आणि मी विरोध केला तर तो अर्ज बहुतेक पुढे जाणार नाही.

घरी आले तर नाना बातम्या बघत होते. मला वाटलं, उठून जवळ घेतील. त्यांनी पडद्यावरची नजर न काढता विचारलं, “म्हणजे तो तिथेच राहणार ना? इतक्यात सुटून कुठे लांब निघून जाणार नाही?”

“नाही जाणार, नाना.”

“बरं झालं,” ते म्हणाले, आणि सुटकेचा श्वास टाकला. इतका राग त्यांच्या पोटात असेल हे मला कधी जाणवलं नव्हतं. शांत माणसांचा राग खोल असतो.

१७ एप्रिल

हॉस्पिटलची सामानाची लिफ्ट माझा नवराच बघायचा. तिसऱ्या मजल्यावर थांबताना ती एक बारीक हिसका द्यायची, चादरींच्या गाड्या एकमेकींवर आपटायच्या. माझ्यासाठी म्हणून त्याने एक अख्खा रविवार घालवून तो हिसका काढला होता. नंतर मुद्दाम पाण्याने काठोकाठ भरलेला पेला हातात घेऊन मला वरखाली फिरवून आणलं. थेंब सांडला नाही.

आज हिसका परत आला. नव्या कंपनीचा माणूस येऊन गेला म्हणे, तेल घालून गेला. मी तिसऱ्या मजल्यावर दार उघडं धरून तशीच उभी राहिले. वर छतावर कुणीतरी उकिडवं बसलंय आणि आता हाक मारेल, “बघ गं, आता कशी थांबते,” असं वाटत राहिलं. खालून कुणीतरी दार लावा म्हणून ओरडलं, तेव्हा लावलं.

हे भाषणात सांगू नये. फक्त इथे.

२० मे

मंडळाचा निरोप आला. सुनावणी जूनमध्ये, तुरुंगातच.

नानांना म्हटलं, तुम्ही पण चला, तुम्हालाही बोलता येईल, बाप आहात. ते म्हणाले, “मी बाहेर गेटपाशी बसेन. आत नको.” मग म्हणाले, “तू काय बोलणार?”

वाचून दाखवलं. ‘एकटा गेला’पाशी त्यांचा पाय वाजला.

“हे असंच ठेवणार?”

“का? वाईट आहे?”

“नाही. चांगलं आहे.” उठून गॅलरीत गेले.

भिंगरीने निजायच्या आधी विचारलं, “सदर दिसायला कसा आहे?” मी म्हटलं, कोर्टात पाहिला तेव्हा त्याची मानच तेवढी दिसली होती. ती म्हणाली, “मानेवर काय होतं?” मी म्हटलं, काही नाही, केस कापलेले होते. एवढ्यावर तिचं समाधान झालं, माझं झालं नाही.

१० जून

जसं झालं तसं लिहिते.

तुरुंगाच्या दाराशी बाकं, झडतीची खोली, मग एक जाळीचं दार. तिथे स्टुलावर एक शिपाई बसला होता. म्हणाला, “हात.” मी हात पुढे केला. त्याने गादीवर शिक्का दाबला आणि माझ्या मनगटावर आतल्या बाजूने मारला.

जांभळा.

मी बघतच राहिले. शिपायाला वाटलं दुखलं. म्हणाला, “ताई, निघतो तो, घाबरू नका. भेटीला येणाऱ्या सगळ्यांनाच मारतो, बाहेर जाताना ओळख पटायला.” मी त्याला म्हणणार होते, मला माहीत आहे, स्पिरिटने निघतो, गरम पाणी लावायचं नाही.

वकीलबाई पुढे निघाल्या होत्या. मी मागे चालत राहिले. किती गुरुवार! डोळ्यांची तपासणी! दोन बस बदलून!

खोलीत तिघांचं मंडळ, मध्ये एक अध्यक्षबाई. सदरला आणून समोरच्या खुर्चीत बसवलं. माझ्यापेक्षा लहान आहे तो. चेहरा साधा आहे. मी तीन वर्षं ज्याला शिव्या घातल्या त्याला असा चेहरा नव्हता.

अध्यक्षबाई म्हणाल्या, बोला. मी कागद उघडला आणि वाचायला लागले. आवाज छान लागला, सवयीने. डोक्यात दुसरंच चाललं होतं. नाना इथे येतात. नाना या माणसाकडे येतात. का? आणि तोंड वाचतच होतं, ‘निरोप नाही, शब्द नाही. एकटा गेला.’

त्याने झटकन मान वर केली. आतापर्यंत खाली होती. माझ्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं. मला त्याचे दात दिसले. मग त्याने ते मिटलं.

अध्यक्षबाईंनीही ते पाहिलं असावं. त्यांनी विचारलं, “तुम्हाला काही सांगायचंय?”

तो म्हणाला, “नाही.”

“नक्की?”

“मी शब्द दिलाय,” तो म्हणाला.

कुणाला, हे त्यांनी विचारलं नाही. मला विचारावं लागलं नाही.

अर्ज फेटाळला. दोन वर्षं परत करता येणार नाही. वकीलबाईंनी मला मिठी मारली. बाहेर नाना गेटजवळच्या बाकावर बसले होते, पायाखाली ब्रेक दाबून. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि मनगट उलटं करून दाखवलं.

त्यांनी शिक्क्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही.

“काय ठरलं?” त्यांनी विचारलं.

“आतच राहणार.”

आम्ही बसने घरी आलो. वाटेत कुणी बोललं नाही.

११ जून

आजही नाही.

१४ जून

भिंगरी मैत्रिणीकडे गेली होती. मी दार लावलं आणि नानांसमोर खुर्ची ओढून बसले.

“कधीपासून?”

“पहिल्या वर्षापासून.”

“माझ्या नाकाखाली! मी सभागृहांत घसा फोडतेय आणि तुम्ही त्याला जाऊन भेटताय! माफ केलंत त्याला?”

“नाही,” नाना म्हणाले. “माफीबिफी काही नाही. तो मागतही नाही. मी मागू देत नाही.”

“मग जाता कशाला?”

त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. डोळ्यांना तसं काही झालेलं नाही त्यांच्या.

“तो त्याच्यासोबत होता,” ते म्हणाले. “शेवटी. तू, मी, कुणी नव्हतो. तो होता. गाडी आली तेव्हा आपला गेला नव्हता, बाळ. अँब्युलन्स येईपर्यंत होता. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, कुणी घड्याळ बघितलं नाही. ते पोलीस आले तेव्हा संपलेलं होतं, म्हणून त्यांनी लिहिलं ‘जागीच’. तो पळाला नाही, ते प्यालेला होता म्हणून नाही. तो धरून बसला होता त्याला.”

मी म्हटलं, “खोटं आहे. कोर्टात का नाही सांगितलं?”

“त्याच्या वकिलाने सांगितलं होतं, काही आठवत नाही एवढंच म्हण.”

“आणि तुम्हाला बरं आठवून सांगतो!”

“पहिल्यांदा गेलो तेव्हा म्हणाला, काही आठवत नाही. मी म्हटलं, आठव. परत येईन. मग एकेकदा एकेक सांगायला लागला. पाणी मागितलं म्हणाला. एक बूट कुठे गेला म्हणून विचारत होता, असं म्हणाला.” नानांनी हात मांडीवर पालथे ठेवले. “मला कळतं, बाळ. अर्धं तो बनवत असेल. त्या अवस्थेतल्या माणसाला काय आठवणार? पण माझ्या पोराचं नवं काही मिळायची दुसरी जागाच नाही. तुझ्याकडे आहे ते मला पाठ आहे, माझ्याकडचं तुला पाठ आहे. म्हणून जातो.”

“सगळंच बनवत असेल.”

“एक नाही बनवलेलं.” आता ते पुढे झुकले. “गाडी जरा वर थांबली होती, चढावर. हा उतरला तसाच, दार उघडं टाकून. गाडी हळूहळू खाली सरकायला लागली, खाली आपला पडलेला. तेव्हा आपला याला म्हणाला, ‘आधी हँडब्रेक.’ याने जाऊन ओढला.”

नानांकडे शिकलेल्या प्रत्येकाला ते वाक्य माहीत आहे. गाडी ठोकून शिकाऊ पोरं रडायला लागली की नाना म्हणायचे, “आधी हँडब्रेक, मग रडारड.” आमच्या घरात दूध उतू गेलं तरी म्हणायचो.

“तो तुमच्याकडे शिकला असेल,” मी म्हटलं. “तुम्हालाच तुमचं वाक्य विकतोय.”

“मलाही तसंच वाटलं. विचारलं. दुसऱ्या गावी शिकलाय तो. ते सोड. तो म्हणाला, आधी हँडब्रेक एवढंच ऐकू आलं, पुढे काहीतरी होतं, कळलं नाही. बनवणारा माणूस पुढचंही बनवतो, बाळ. अर्धं वाक्य कोण बनवेल?”

मी रडले नाही. मला फार राग आला होता, आणि तो कुणावर काढावा ते समजत नव्हतं. म्हटलं, “मला का नाही सांगितलंत? मी जगभर ‘एकटा गेला, एकटा गेला’ सांगत फिरतेय!”

“पोलिसांनी तुला एक शब्द दिला होता. जागीच. म्हणजे दुखलं नाही, कळलं नाही. त्या शब्दावर तू झोपत होतीस. तो काढून घ्यायचा मला काय अधिकार?”

झोपत होते का मी? तसं त्यांना वाटत होतं, हे मला आज कळलं.

१९ जून

वकीलबाईंचा फोन. कायद्याच्या निमित्ताने कार्यक्रम आहे, मंचावर पाच मिनिटं बोलायचं, नेहमीचंच. मी म्हटलं, येईन, कायद्याबद्दल बोलेन, गोष्ट नाही सांगणार. त्या म्हणाल्या, ताई, मन बदललं की काय? मी म्हटलं, नाही. दहा वर्षं बरोबर आहेत. हवी तर अकरा करा. फक्त त्याच्या मरणाचं मला नीट माहीत नाही.

त्या म्हणाल्या, “आराम करा थोडा.”

२ जुलै

आज पहिला गुरुवार. मी रजा घेतली आणि नानांबरोबर गेले.

मध्ये काच नाही, नुसतं टेबल आहे. तो येऊन बसला, मला बघून अर्धा उठला, परत बसला.

मी आधीच ठरवलं होतं, गोल गोल बोलायचं नाही. म्हटलं, “दोन वर्षांनी परत सुनावणी येईल. तेव्हाही मी विरोधच करणार आहे. हे नंतर कळायला नको म्हणून आत्ता सांगते.”

“हो,” तो म्हणाला.

“आणि तुम्ही नानांना जे जे सांगितलंत, त्यातलं तुम्हाला खरंच आठवतं तेवढंच मला सांगा. जे आठवत नाही ते आठवत नाही म्हणा.”

त्याने नानांकडे पाहिलं. नाना म्हणाले, “सांग तिला.”

शेजारच्या टेबलावर कुणाची तरी आई कुणाला तरी गच्चीच्या गळतीबद्दल सांगत होती.

“पाणी मागितलं होतं का?” मीच विचारलं.

“नाही आठवत.”

“बूट?”

“नाही. एक पाय नुसता होता, ते मी पाहिलं होतं. त्यांनी काही विचारलं नाही.” मग नानांकडे वळून, अगदी हळू, “तुम्ही एवढ्या लांबून यायचात. दर महिन्याला. रिकामं कसं पाठवायचं?”

मी नानांकडे बघितलं नाही. बघायची हिंमत झाली नाही. हे मी काय केलं, असं झालं मला. इतक्या गुरुवारांचं जमवलेलं एका मिनिटात गेलं, आणि मी मागितलं म्हणून गेलं. टेबलाखाली पाय वाजेल म्हणून वाट बघत होते. वाजला नाही.

“आणि हँडब्रेक?” नानांनी विचारलं. आवाज वेगळाच होता, दुसऱ्या कुणाचा तरी.

“ते खरं आहे. ते म्हणाले, मी ओढला. ते आठवतं.” त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले. “त्याच्या आधीचं एक आहे. ते मी सांगितलं नव्हतं कधी. सांगायची लाज वाटायची. मी ओरडत होतो, इकडे तिकडे पळत होतो, मला काही सुचत नव्हतं. त्यांनी मला नाव विचारलं. मी सांगितलं. मग त्यांनी नावाने हाक मारली, आणि म्हणाले, आधी हँडब्रेक.”

“मग?”

“मग मी येऊन बसलो. हात धरला. त्यापुढचं मला नाही आठवत. खरंच नाही. मी प्यालो नसतो तर आठवलं असतं. प्यालो नसतो तर... ” पुढचं त्याने बोलायची गरज नव्हती.

ती सगळी मिनिटं आता कुणाकडेच नाहीत. त्याच्याकडे असायला हवी होती आणि तीही त्याने त्या दिवशी पिऊन टाकली. यासाठी कुठल्याच कायद्यात कलम नाही.

वेळ संपल्याची घंटा झाली. आम्ही तिघंही एकदमच उठलो. नानांनी त्याला नेहमीसारखं, “येतो,” असं म्हटलं, आणि मग थांबून, “ते नावाचं नक्की ना?”

“नक्की.”

बसमध्ये नाना खिडकीशी बसले. मला वाटलं, आता हे कोसळतील, यांना सांभाळून घरी कसं न्यायचं? पहिली बस गेली, दुसरी बदलली. घर जवळ आल्यावर ते काचेकडे बघत म्हणाले, “तसाच होता तो. कुठल्याही इमारतीत गेला की आधी वॉचमनचं नाव विचारायचा, मग किल्ली मागायचा. ओळख झाल्याशिवाय कुणाला काम सांगायचा नाही.”

हे मलाही माहीत होतं. मी कधीच, कुठल्याच सभागृहात, ते कुणाला सांगितलं नव्हतं.